लाँग टेस्ट दर रविवारी लागते, पण पुरी कधी होते? (घरच्या एनएएसच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणयंत्राच्या, डिस्क आणि त्यांचं वेळापत्रक)

मिरजमळा

नमस्कार मंडळी. लिहिणं लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

धाकट्या भावाचा मिरजेत लग्नाच्या फोटो-व्हिडिओंचा स्टुडिओ आहे. त्याचा सगळा माल एका जुन्या टॉवर पीसीत मी बसवून दिलेल्या चार डिस्कांवर असतो. प्रत्येकी ८ टीबी, वर डेबियन (लिनक्सची एक जात), झेडएफएस (डेटा सांभाळणारी फाइल सिस्टिम), रेड-झेड १ (चारही डिस्कांचा मिळून एक पूल, त्यात एका डिस्कपुरता राखीव आधार). एक डिस्क गेली तरी गाडी चालते, दोन गेल्या की वधूवर दारात.

बसवतानाच सगळं रीतसर लावलं होतं. स्मार्टची (डिस्कच्या आतली आरोग्य-तपासणी) शॉर्ट टेस्ट रोज पहाटे २ वाजता, लाँग टेस्ट रविवारी रात्री ११ ला, कारण शनिवार-रविवार कार्यं उरकून भाऊ तोवर आडवा झालेला असतो. स्क्रब, म्हणजे साठवलेला डेटा वाचून ताडायची झेडएफएसची फेरी, डेबियन आपणहून लावतंच, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, मध्यरात्र उलटल्यावर. दर महिन्यात एकदा मी पुण्याहून लॉगिन करून नजर टाकायचो. ‘पास्ड’, ‘पास्ड’, ‘विदाउट एरर’. चहा पिऊन मोकळा.

एप्रिल-मेचा सीझन दणकून झाला. पूल ६० टक्क्यांवरून ८५ टक्क्यांवर गेला. त्यानंतरच्या पहिल्याच स्क्रबमध्ये वरून तिसऱ्या डिस्कवर रीड एरर, दोन-अडीच एमबी दुरुस्त केल्याची नोंद, आणि स्मार्टमध्ये १९७ नंबरच्या ओळीत, म्हणजे पेंडिंग सेक्टरमध्ये (डिस्कचे नीट वाचता न आलेले तुकडे), ४८. आदल्या महिन्यात शून्य होता, माझ्याकडे स्क्रीनशॉट आहे.

मग त्या डिस्कचा सेल्फ-टेस्ट लॉग पहिल्यांदाच नीट, ओळ न ओळ वाचला. त्यात २१ नोंदी बसतात. त्यातल्या अठरा शॉर्ट टेस्टच्या, सगळ्या सुखरूप. उरलेल्या तीन लाँग टेस्टच्या. तिन्हींपुढे ‘इंटरप्टेड, होस्ट रिसेट’, आणि शेजारी ‘बाकी ३० टक्के’.

तिन्हींपुढे ३० टक्केच. डोकं खाजवत बसलो. शेवटी भावाला फोन केला, तर तो म्हणतो, ‘अरे सोमवारी साडेनऊला आमच्याकडे लाइट जाते की, मेंटेनन्सची. दर सोमवारी. दुपारी येते.’

८ टीबीच्या या डिस्कला लाँग टेस्टला जवळपास ९०० मिनिटं लागतात, डिस्क स्वतःच तसं सांगते. पंधरा तास. रविवारी रात्री ११ ते सोमवारी सकाळी साडेनऊ होतात साडेदहा. यूपीएस वीस मिनिटं तग धरतो, मग मशीन शहाण्यासारखं बंद होतं. म्हणजे दोन वर्षं दर आठवड्याला ही टेस्ट मन लावून पहिले दोन तृतीयांश वाचत होती आणि शेवटाला कधी पोचतच नव्हती. आणि स्क्रब वाचतं फक्त भरलेला भाग. डिस्कच्या आतल्या कडेला डेटाच नव्हता, म्हणून तेही तिकडे फिरकलं नव्हतं. सीझनमध्ये माल तिथवर गेला, आणि तिथली जमीन आधीच भुसभुशीत होती.

डेटा वाचला. डिस्क बदलतोय. प्रश्न असा: तुम्ही लोक शॉर्ट, लाँग आणि स्क्रब किती दिवसांनी आणि कसे लावता? यापुढे मला ‘लागली’ नको, ‘झाली’ पाहिजे.

भोसरीतला_पाना

वाचनखूण साठवली. असली चूक शोधून काढायला दोन वर्षं लागली याचं वाईट वाटून घेऊ नका, कित्येकांची अजून सापडलेली नाही. आमच्याकडे गुरुवार असतो मेंटेनन्सचा. सांगायचं एवढंच की वेळापत्रक लावताना घड्याळासोबत विजेचा वारही बघावा लागतो, परदेशी लोकांच्या लेखांत हा मुद्दाच नसतो.

मी एका कारखान्याचे सर्व्हर बघतो. या दोन तपासण्यांत लोक कायम गल्लत करतात म्हणून जरा सविस्तर.

लाँग टेस्ट डिस्क स्वतः करते, स्वतःच्या पोटात. डेटा केबलमधून बाहेर येत नाही. पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचता येतंय का एवढंच बघते. तिथे फोटो आहे की मोकळी जागा, तिला घेणंदेणं नाही. वाचलेलं *बरोबर* आहे का, हेही तिला कळत नाही.

स्क्रब झेडएफएस करतं. प्रत्येक ब्लॉक डिस्कवरून उचलून, केबल, कंट्रोलर, रॅम असा सगळा प्रवास करवून चेकसम (डेटाची पडताळणी-संख्या) ताडतं. चुकलं तर पॅरिटीवरून (बाकी डिस्कांवरच्या राखीव हिशेबावरून) दुरुस्त करून परत लिहितं. पण फक्त वापरातले ब्लॉक. एक तपासणी जागा बघते, दुसरी माल बघते. गोदामाचं छप्पर गळतंय का हे पोती मोजून कळत नाही, आणि पोती कमी आहेत का हे छप्पर बघून कळत नाही.

एमडी-रेड (लिनक्सचंच डिस्क जोडून वापरायचं दुसरं साधन) वापरणाऱ्यांसाठी: तुमचं मासिक चेक पूर्ण डिस्क वाचतं, मोकळी जागासुद्धा. पण चेकसम नाही. दोन आरशांत (एकाच डेटाच्या दोन प्रतींत) फरक दिसला तर कोण खरं बोलतंय हे त्याला ठरवता येत नाही, फक्त मिसमॅचचा आकडा वाढतो. डेबियनवर ते पहिल्या रविवारी मध्यरात्र उलटल्यावर लागतं.

आणि ‘पास्ड’ वर जाऊ नका हो. ती ओळ फार उशिरा बदलते. लाँग टेस्ट ‘रीड फेल्युअर’ देऊन पडलेली आणि वर दिमाखात ‘पास्ड’, अशी डिस्क माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. नव्या पोरांना दाखवायला.

धरमपेठ_आजोबा

माझं वय ७१. नागपुरात आहे. तयार मिळतं तसं दोन खणांचं एनएएस मुलाने घेऊन दिलं. वडिलांच्या कीर्तनांच्या कॅसेटी त्यावर उतरवतोय. तुमचा धागा वाचून काल पहिल्यांदाच आरोग्याचं ते पान उघडलं आणि रात्रभर झोप नाही. पहिल्याच ओळीत ‘रॉ रीड एरर रेट’ म्हणून १२ कोटींच्या वर आकडा आहे! सातव्या नंबरला ‘सीक एरर’, तिथे तर त्याहून मोठा. डिस्क वर्षभरच जुनी आहे. उतरवलेलं सगळं गेलं का?

भोसरीतला_पाना

आजोबा, निवांत झोपा. डिस्क सीगेटची असणार. त्यांच्याकडे त्या दोन ओळींतला कच्चा आकडा म्हणजे नुसती चुकांची मोजणी नसते. एकूण किती वाचलं आणि त्यात किती चुकलं, हे दोन्ही एकाच मोठ्या संख्येत कोंबलेलं असतं. त्यामुळे कोटी दिसणारच. दर महिन्याला कुणीतरी याच आकड्याने घाबरून येतं.

तुम्ही पाच ओळी बघा: ५ (बदली केलेले सेक्टर), १८७ (दुरुस्त न झालेल्या चुका), १८८ (वेळेत न पाळलेले हुकूम), १९७ (पेंडिंग सेक्टर), १९८ (दुरुस्त न होणारे सेक्टर). त्यातही ५, १९७ आणि १९८ यांच्यापुढे शून्य असेल तर कीर्तनं चालू द्या.

धरमपेठ_आजोबा

तिन्ही शून्य आहेत. १८७ पण शून्य. सुटलो बुवा. धन्यवाद.

तिरकस

सगळे टेस्टांच्या मागे लागलेत म्हणून विरुद्ध बाजूने. गूगलने २००७ मध्ये आपल्या लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला होता. त्यात मेलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कांवर स्मार्टच्या चार प्रमुख खुणांपैकी *एकही* नव्हती. निम्म्याहून जास्त डिस्क काही न बोलता गेल्या. मग दर आठवड्याला पंधरा तास त्यांना राबवायचं कशाला? बॅकअप ठेवा, डिस्क मेली की बदला. मी टेस्ट लावतच नाही. आठ वर्षं झाली.

स्वरूपा_ठाणे

तोच पेपर आणखी थोडा वाचा की. त्यातच आहे, स्कॅनमध्ये पहिली चूक दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत मरण्याची शक्यता बिनचुकीच्या डिस्कच्या ३९ पट. म्हणजे खूण नाही म्हणून डिस्क चांगली, असं नाही, कबूल. पण खूण दिसली तर ती गांभीर्याने घ्यायची. ताप नसलेला माणूसही आजारी असू शकतो, म्हणून कुणी थर्मामीटर फेकून देत नाही.

आणि रेडमध्ये खरी भीती डिस्क मरण्याची नसतेच. एक मेल्यावर, नवी भरली जात असताना *उरलेल्या* तिघींपैकी एखादीवर न वाचता येणारा सेक्टर निघणं, ही भीती. रेड-झेड १ मध्ये त्या क्षणी दुसरा आधार नसतो. तो सेक्टर कित्येक महिने तिथे असतो, कुणी वाचलेला नसतो एवढंच.

भोसरीतला_पाना

+१. यालाच लेटंट एरर म्हणतात. नेटॲपच्या (मोठी साठवणयंत्रं बनवणारी कंपनी) १५.३ लाख डिस्कांवर ३२ महिने नजर ठेवून २००७ सालीच एक अभ्यास झाला आहे. त्यात ३.४५ टक्के डिस्कांवर असे झोपलेले सेक्टर निघाले. शंभरात तीन-चार. चार डिस्कांच्या घरात हे नगण्य वाटतं, पण मिरजमळांना विचारा.

तिरकस

३९ पटीचा मुद्दा मान्य, तो मी विसरलो होतो. पण दर आठवड्याला लाँग टेस्ट हा अतिरेकच आहे, यावर ठाम.

भोसरीतला_पाना

त्यावर वाद नाही. मीसुद्धा महिन्यातून एकदाच लावतो. शॉर्ट टेस्ट दोन मिनिटांची असते, इलेक्ट्रॉनिक्स, हेड आणि पृष्ठभागाचा जरासा तुकडा बघते. ती रोज लावा किंवा आठवड्याला, डिस्कला फरक पडत नाही. पण रोज लावली की मिरजमळांचं झालं ते होतं: लॉगमध्ये २१ जागा, शॉर्टवाल्या गर्दी करून लाँगवाल्यांना बाहेर ढकलतात. बस भरलेली दिसते, आपला माणूस आत आहे का ते कळत नाही. मी शॉर्ट आठवड्यातून एकदाच ठेवली आहे, त्याला कारण हे आणि हेच.

त्याच लॉगमधली आणखी एक गंमत. टेस्ट किती तासांवर झाली तो आकडा ६५,५३५ च्या पुढे गेला की पुन्हा शून्यापासून मोजतो. साडेसात वर्षं सतत चालू असलेल्या डिस्कवर कालची टेस्ट ‘१२० व्या तासाला’ झालेली दिसते. जुनी डिस्क असेल तर गोंधळू नका.

बर्फातली_मनी

टोरंटोहून. आमच्याकडे लाइट जात नाही तरी माझी लाँग टेस्ट वर्षभर अर्धवट! डिस्क यूएसबी डबीत आहे. काही हालचाल नसली की दहा मिनिटांनी डबी तिला झोपवते. लाँग टेस्ट चालू असताना बाहेर डेटा येतच नाही, त्यामुळे डबीला वाटतं बाई निवांत आहे. आता टेस्ट चालू असेपर्यंत दर मिनिटाला डिस्कला एक फुटकळ प्रश्न विचारणारी स्क्रिप्ट ठेवली आहे. आईला फोनवर ‘झोपलीस का गं’ विचारत राहावं तसं. चाललंय.

वेंगुर्ला_लाइन

माझा अनुभव केबलचा. १९९ नंबर, सीआरसी एरर, म्हणजे केबलमधून जाताना बिघडलेल्या डेटाची मोजणी, पावसाळ्यात वाढायला लागला. मी हुशारीने डिस्क बदलली. नव्या डिस्कवरही वाढला. तीही बदलली. शेवटी दुकानदारच म्हणाला, ‘केबल बदललीस काय रे?’ खाऱ्या हवेने कनेक्टर हिरवट झाला होता. नवी केबल शंभर-दीडशेची. दोन चांगल्या डिस्क घरच्यांसमोर ‘जुन्या’ म्हणून पडल्या आहेत, कुणाला सांगितलेलं नाही.

१९९ कधी कमी होत नाही. झालेला आकडा तसाच राहतो, फक्त वाढतोय का तेवढं बघायचं.

मिरजमळा

सगळ्यांचे आभार. तिरकस, तुमचेही, तुमच्यामुळे स्वरूपाताईंनी पेपर उघडला.

आता पुढचं विचारतो. मशीनला पाचवं साटा पोर्ट (डिस्कची केबल लावायची जागा) आहे. जुनी डिस्क काढून नवी लावू, की दोन्ही लावून बदलू?

स्वरूपा_ठाणे

दोन्ही लावून, डोळे झाकून. जुनी आजारी आहे, मेलेली नाही. तिच्यातलं बरंचसं अजून वाचता येतं. ती जागेवर ठेवून ‘रिप्लेस’ केलंत, तर दुसऱ्या एखादीवर चूक निघाली तरी तो तुकडा जुनीकडून मिळू शकतो. काढून टाकलीत तर तो आधार आपणच फेकला.

आणि एक फालतू वाटणारी गोष्ट: प्रत्येक खणावर सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे पट्टीवर लिहून चिकटवा. ‘वरून तिसरी’ असं म्हणून भलतीच डिस्क ओढलेली माणसं मला माहीत आहेत. त्यातली एक मीच आहे.

मिरजमळा

लिहून चिकटवले. आणि खरंच, मी जिला वरून तिसरी म्हणत होतो ती वरून दुसरी निघाली. भावाने मध्यंतरी पंखा साफ करताना दोन खण अदलाबदल केले होते. हात जोडले.

तिरकस

टेस्ट लागते, टेस्ट होते, टेस्ट पडते, सगळं झालं. पण तुम्हाला कळणार कसं? तुम्ही महिन्यातून एकदा लॉगिन करून बघता म्हणालात. मेल लावली नव्हती का?

मिरजमळा

पडलेल्या माणसाला लाथ मारलीत, पण मारलीत ती योग्य जागी.

मेल लावली होती. सेटिंग होतं. आज तपासलं, तर ती एका जुन्या खात्यातून साध्या पासवर्डने जायची, आणि ती सेवा तसं आता घेत नाही. ॲप पासवर्ड लागतो. स्मार्टडी (स्मार्टवर नजर ठेवून टेस्ट लावणारा प्रोग्रॅम) बिचारा मेल पाठवत होता, ती दारातूनच परत येत होती, आणि परत आल्याची नोंद अशा फाइलमध्ये जायची जी मी कधी उघडली नाही. पेंडिंग सेक्टर निघाल्याचं पत्र स्क्रब लागला त्याच रविवारी लिहिलं गेलं होतं. मी बघितलं आठ दिवसांनी.

भोसरीतला_पाना

हे सगळ्यांनी आज रात्रीच करा. स्मार्टडीच्या फाइलमध्ये चाचणी-पत्राचा पर्याय असतो. तो लावून सर्व्हिस रीस्टार्ट केली की लगेच एक खोटी सूचना येते. आली नाही, तर खरीही येणार नाही.

मी आणखी एक करतो. दर रविवारी सकाळी ‘सगळं ठीक’ अशी मेल *येते*. चार ओळी असतात: पूलची स्थिती, शेवटचं स्क्रब कधी पुरं झालं, प्रत्येक डिस्कची शेवटची *पुरी झालेली* लाँग टेस्ट किती दिवसांपूर्वीची, आणि ५, १९७, १९८ चे आकडे. ज्या रविवारी मेल येत नाही, त्या दिवशी पोहे गार होतात.

स्वरूपा_ठाणे

मिरजमळा, तुमच्या सोमवारावर उपाय आहे. लाँग टेस्ट एकदम लावायलाच हवी असं नाही. साटा डिस्कांना सिलेक्टिव्ह टेस्ट असते: या सेक्टरपासून त्या सेक्टरपर्यंत एवढंच वाच. पुढच्या वेळी ‘नेक्स्ट’ म्हटलं की त्याच लांबीचा पुढचा पट्टा. स्मार्टडीच्या वेळापत्रकातही ते लावता येतं, लाँगच्या ‘एल’ ऐवजी छोटा ‘एन’. पंधरा तासांचे पाच तुकडे करा. तीन तासांचं काम, रात्री एकला लावलं तर चार-साडेचारला संपतं. कुणाचीही लाइट गेली तरी एक तुकडा वाया, सगळी टेस्ट नाही.

चारही डिस्क एकाच रात्री नका लावू. एकेका आठवड्यात एकेक. आणि स्क्रबच्या रात्री काहीच नाही. दोन्ही एकदम लावलं तर हेड इकडून तिकडे धावत राहतं आणि दोन्ही कामं रेंगाळतात.

धरमपेठ_आजोबा

आमच्याकडे मे महिन्यात दुपारी खोली ४० च्या वर जाते. रात्रीच लावावं ना?

स्वरूपा_ठाणे

हो आजोबा, पहाटेच लावा. त्याच गूगलच्या अभ्यासात तापमानाचा आणि मरण्याचा संबंध लोक समजतात तेवढा घट्ट निघाला नव्हता, पण ती त्यांच्या गार डेटा सेंटरांतली गोष्ट, नागपूरच्या मेमधली नव्हे. तुमच्या यंत्रात स्टोरेजच्या पानावर टेस्टचं वेळापत्रक लावायची सोय असेल, तिथे शॉर्ट आठवड्याला, लाँग महिन्याला. ‘डेटा स्क्रबिंग’ वेगळं दिसलं तर तेही लावा, तीन महिन्यांनी एकदा पुरे. आणि कॅसेटी फेकू नका.

धरमपेठ_आजोबा

कॅसेटी कपाटात आहेत. त्यांनाही बुरशी लागते, पण तो दुसरा धागा होईल.

मिरजमळा

हालहवाल देतो.

नवी डिस्क लावण्याआधी रिकामी असतानाच तिची लाँग टेस्ट पुरी केली (मंगळवारी सकाळी लावली, रात्री साडेअकराला संपली, मुद्दाम जागा राहिलो). मग जुनी जागेवर ठेवूनच रिप्लेस. एकोणीस तास लागले. जुनीवर आणखी ११ रीड एरर निघाले, बाकी तिघींवर शून्य. एकही फाइल गेली नाही. भावाला हे सांगितलं तर म्हणाला, ‘मग एवढे दिवस बोंब कशाची मारत होतास?’

आता असं लावलंय. शॉर्ट दर शनिवारी पहाटे. सिलेक्टिव्ह, रोज एक पट्टा, सोमवार ते शुक्रवार रात्री एकला, एका आठवड्यात एकच डिस्क, त्यामुळे महिन्यात चौघींचा एकेक फेरा. स्क्रब दुसऱ्या रविवारी होतं तिथेच. पाचवा आठवडा आला की सुट्टी. रविवारची मेल पानाभाऊंनी सांगितली तशी, मला आणि भावाला दोघांना.

पहिली मेल काल आली. तिसऱ्या खणाच्या डिस्कपुढे ‘शेवटची पुरी टेस्ट: कधीच नाही’ असं लिहून आलं. पाच मिनिटं छातीत धडधड. मग कळलं, स्क्रिप्ट फक्त ‘एक्स्टेंडेड’ (लॉगमधलं लाँग टेस्टचं नाव) शब्द शोधत होती, ‘सिलेक्टिव्ह’ नाही. दुरुस्त केलं.

आज सोमवार. ९:३४ ला लाइट गेली, ९:५४ ला मशीन बंद झालं. पट्टा ४:११ ला संपलेला होता.